घाणेरी निर्मूलन (नाशिक जिल्ह्यातील वने)

घाणेरी या परकी आक्रमक झुडपाला वनांतून मुळासह काढून त्या जागी गवत व देशी झाडोरा पुन्हा उभा करण्याची कार्यपद्धती. नाशिक जिल्ह्यात या कामाचे मुख्य क्षेत्र म्हणजे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी व कळवण हे पश्चिमेकडील डोंगरी तालुके. येथील जंगल एकाच मालकाचे नाही. राखीव वन, सामूहिक वनहक्काखाली ग्रामसभेकडे आलेले वन, वैयक्तिक वनहक्काचे प्लॉट आणि खातेदारांची मालकी राने एकमेकांना लागून आहेत. पक्ष्यांमार्फत पसरणाऱ्या झुडपाला या हद्दी लागू होत नाहीत, म्हणून एकट्या खातेदाराने केलेले काम सहसा टिकत नाही. ग्रामसभा, संयुक्त वन व्यवस्थापन समिती आणि शेजारच्या रानांचे मालक यांना एकत्र आणणाऱ्या शिवारफेऱ्या व श्रमदान मेळावे हा त्यामुळेच या पद्धतीचा आवश्यक भाग ठरतो.

वनस्पती : घाणेरी किंवा टणटणी (शास्त्रीय नाव लँटाना कॅमरा, कुल व्हर्बिनेसी) हे मध्य व दक्षिण अमेरिकेतील मूळचे काटेरी झुडूप आहे. उंची साधारणतः १ ते ३ मी.; आधार मिळाल्यास ते झाडावर चढून बरेच उंच जाते. खोड चौकोनी, त्यावर मागे वळलेले आखूड काटे. पाने समोरासमोर, खरखरीत, चुरगळल्यास उग्र वासाची. फुलांच्या गुच्छात मधली फुले पिवळी, तर कडेची जुनी फुले नारिंगी, लाल किंवा गुलाबी झालेली दिसतात. फळे पिकल्यावर निळसर काळी होतात. बुलबुल, साळुंकी इ. पक्षी ती खातात व बी दूरवर टाकतात. जमिनीला टेकलेल्या फांदीलाही मुळे फुटतात. जुन्या वर्गीकरणात साग व घाणेरी एकाच व्हर्बिनेसी कुलात होते. आता साग लॅमिएसी म्हणजे तुळशीच्या कुलात धरला जातो.

आगमनाचा प्रश्न : स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये या जातीला नाव दिले. त्यापूर्वीच, सतराव्या शतकात, ती बागेचे फूलझाड म्हणून युरोपात पोहोचली होती. तेथील बागाईतदारांनी तिचे अनेक संकर तयार केले आणि वसाहतींमध्ये गेले ते मुख्यतः हे संकर. त्यामुळे आज आशियातील रानांत दिसणारी घाणेरी ही अमेरिकेतील रानटी जातीशी तंतोतंत जुळत नाही. काही वर्गीकरणकार तिला स्वतंत्र संकरित नाव देतात, तर बहुसंख्य वनस्पतिसूचींमध्ये ती अजून लँटाना कॅमरा या नावानेच किंवा तिचा जातिसमूह म्हणून येते. भारतातील पहिल्या लागवडीसाठी १८०७ आणि १८०९ अशी दोन वर्षे दिली जातात आणि दोन्हींचा संबंध कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाशी जोडला जातो. दोन वर्षांचा हा फरक किरकोळ आहे. खरा मतभेद ती एकदाच आली की अनेकदा, यावर आहे. जुन्या लेखनात एका बागेतून ती देशभर पसरल्याचे सुचविले जाई. अलीकडील आनुवंशिक अभ्यासांत भारतीय झुडपांत मोठी विविधता आढळली असून तिच्यावरून ती वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणांहून आणली गेली असावी असे दिसते. हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण जवळजवळच्या रानांतही फुलांच्या रंगांचे व काट्यांच्या प्रमाणाचे वेगवेगळे प्रकार आढळतात आणि एका लागवडीतून त्यांचा उलगडा होत नाही. बंगल्यांची कुंपणे, छावण्या आणि रस्ते ही तिच्या प्रसाराची वाट मानली जाते. देवळालीची छावणी व १८६५ मध्ये पूर्ण झालेला थळ घाटाचा लोहमार्ग पाहता, नाशिकच्या पश्चिम भागातील प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा त्यानंतरचा मानणे सयुक्तिक ठरते.

असाच वाद गाजर गवताबद्दलही आहे. पुणे परिसरातील १९५० च्या दशकातील नोंदींवरून ते अमेरिकी गव्हाबरोबर आले, ही समजूत रूढ झाली. ‘काँग्रेस गवत’ हे नावही त्याच काळातले. परंतु १८१४ मध्ये छापलेल्या कलकत्त्याच्या उद्यानसूचीत त्याचे नाव आहे. गव्हाबरोबर झाला असेल तो प्रसार, पहिले आगमन नव्हे, असे म्हणणे सुरक्षित आहे. घाणेरी काढलेल्या उघड्या जमिनीवर हेच गवत प्रथम येते, म्हणून त्याचा येथे उल्लेख.

परिणाम : देशभरातील व्याघ्रक्षेत्रांच्या अभ्यासात सुमारे १,५४,००० चौ.किमी. वनक्षेत्रात, म्हणजे अभ्यासलेल्या क्षेत्राच्या ४० टक्क्यांहून अधिक भागात, घाणेरीचा प्रादुर्भाव आढळला (२०२०). नाशिकच्या पानझडी वनांत साग, सादडा (ऐन), धावडा, खैर, मोह व आपटा यांच्या खाली तिची दाट जाळी झाली की नवी रोपे वर येत नाहीत आणि चाऱ्याचे गवत नाहीसे होते. मोठी झाडे उभी असल्याने जंगल ठीक दिसते, पण त्यांची पुढची पिढी तयार होत नसते. उन्हाळ्यात वाळलेल्या फांद्यांतून वणवा जमिनीवरून शेंड्यांपर्यंत चढतो. जमिनीतील मूळखोड मात्र जळत नाही आणि पावसानंतर पुन्हा फुटते. आगीने मोकळ्या झालेल्या जागेत बीही रुजते.

पानांतील लँटाडीन या विषारी द्रव्यांमुळे गुरांच्या यकृताला इजा होते. जनावर खाणे सोडते, शेण कडक होते, डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात आणि उन्हामुळे नाकपुडी, कान व सड येथील पांढरी कातडी लाल होऊन सोलते. अशा जनावरास प्रथम सावलीत बांधावे व पशुवैद्यकास बोलवावे. पोटात राहिलेले विष शोषण्यासाठी सक्रिय कोळसा पाजतात. उशीर झाल्यास त्याचा उपयोग कमी होतो. स्थानिक गुरे ही पाने सहसा टाळतात. बाहेरून आणलेली किंवा टंचाईत उपाशी असलेली गुरे बळी पडतात.

घाणेरी वनाचा ऱ्हास घडविते की आधीच ऱ्हास झालेल्या वनात शिरते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. दाट सावलीत ती फोफावत नाही. तोड, चराई, वणवा किंवा रस्ता यांमुळे मोठ्या झाडांच्या शेंड्यांचे छत्र उघडे पडले की ती येते, हे क्षेत्रीय निरीक्षणांत वारंवार आढळते. एकदा बसल्यावर मात्र ती स्वतःच ऱ्हास पुढे रेटते. व्यवहाराच्या दृष्टीने दोन्ही मते एकाच कामाकडे नेतात : झुडूप काढणे पुरेसे नाही, छत्र परत मिळवावे लागते.

जैविक नियंत्रण : १९२१ मध्ये हवाईहून घाणेरीच्या फळांवर जगणारी माशी भारतात आणली गेली, ती टिकली, पण परिणाम नगण्य राहिला. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून टेलिओनेमिया हा जाळीदार पंखांचा ढेकूण आणला. डेहराडून येथील चाचण्यांत तो सागाच्या फुलोऱ्यावरही जगतो असे आढळल्याने तो सोडण्यात आला नाही व साठा नष्ट केला गेला. तरीही काही कीटक निसटले आणि आज हा ढेकूण देशात अनेक ठिकाणी घाणेरीवर आढळतो. त्याने पाने पांढुरकी पडतात, झुडूप मरत नाही. साग हे नाशिकच्या वनांतील प्रमुख झाड असल्याने येथे कीटकांवर भिस्त ठेवणे योग्य नाही. पाणवठ्यांच्या वरच्या अंगाला तणनाशकांचा वापरही टाळावा.

काढण्याची पद्धत : दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरून प्रसिद्ध केलेली (२००९) मूळखोड छेदण्याची पद्धत सर्वांत विश्वासार्ह ठरली आहे. झुडपाच्या बुडाशी माती बाजूला केली की खोड व मूळ यांच्या सांध्यावर एक जाड, गाठाळ भाग दिसतो. अनेक फांद्या त्याच गाठीतून निघालेल्या असतात आणि फुटवा देणारे सर्व डोळे त्यातच असतात. त्याखालील तपकिरी सोटमुळाला डोळे नसतात. गाठीच्या खाली, म्हणजे जमिनीच्या पातळीपासून ३ ते ५ सेंमी. खोलीवर, सोटमूळ तोडले की झुडूप पुन्हा येत नाही. संपूर्ण मूळ उपटण्याची गरज नाही, त्यामुळे उतारावरची माती कमी हलते.

जोडीने काम करणे सोयीचे. एकाने आकडीने किंवा लांब काठीने फांद्या एका बाजूला ओढून धरायच्या, दुसऱ्याने उघड्या झालेल्या बुंध्याशी टिकावाचे अरुंद टोक तिरपे घालून मूळ तोडायचे. जाळी फार दाट असेल तर आधी कोयत्याने बाहेरच्या फांद्या छाटून वाट करावी. हातमोजे, बूट व पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. जाळीत घोणस, फुरसे असण्याची शक्यता धरून आधी काठी आपटावी. निघालेले झुडूप जागेवरच उलटे, मुळे वर करून, ठेवावे. आडवे टाकल्यास ओल्या मातीला लागलेल्या फांद्या रुजतात. फळे लागलेली असल्यास ती ओढत नेऊ नयेत, वाटेत बी सांडते.

वेळ निवडताना दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो : माती मऊ हवी आणि फळे पिकलेली नकोत. उन्हाळ्यात मुरमाड जमिनीत टिकाव उसळतो, मूळ गाठीच्या वरच तुटते आणि महिन्याभरात दुप्पट फुटवे दिसतात. पहिल्या दमदार पावसानंतरचे आठवडे सर्वांत चांगले. इगतपुरी व त्र्यंबक भागात भर पावसाळ्यात उतार निसरडे होतात, तेव्हा तेथे पावसाळा सरता सरता काम घेतात. मात्र फळे पिकण्याआधी ते आटोपले पाहिजे. जुलैच्या पहिल्या आठवड्यातील वनमहोत्सव व १ ते ७ ऑक्टोबरचा वन्यजीव सप्ताह या दोन्ही वेळा मेळाव्यांना म्हणूनच सोयीच्या पडतात.

सुरुवात दाट जाळीपासून करण्याचा मोह होतो, तो टाळावा. जेथे झुडपे विरळ आहेत व खाली गवत शिल्लक आहे तेथून काम सुरू करून दाट भागाकडे सरकावे, आणि ओहोळाच्या कडेने वरून खाली यावे. एका हंगामात पुढची तीन वर्षे राखता येईल एवढेच क्षेत्र घ्यावे. बी मातीत काही वर्षे टिकून राहते. पहिल्या वर्षी पावसाळ्यात व पावसाळ्यानंतर अशा दोन फेऱ्या, पुढील दोन वर्षे किमान एकेक फेरी करून वीतभर उंचीची रोपे हाताने उपटावीत. वड, उंबर व ज्या झाडांवर पक्षी बसतात त्यांच्या खाली रोपांचे पुंजके हमखास सापडतात.

जेसीबीने काम झटपट होते, पण वरची सुपीक माती खरवडली जाते, गाठीचे तुकडे पसरतात आणि पुढच्या पावसात त्या जागी गाजर गवत व रानतुळस माजते. एकदम सर्व जाळी काढणेही योग्य नाही. ससे, तित्तर व लहान पक्षी तिच्या आडोशाने राहतात, म्हणून पट्ट्यापट्ट्याने काढावे.

मोकळ्या जागेत त्याच पावसाळ्यात मारवेल, पवना, डोंगरी अशा स्थानिक गवतांचे बी फेकावे. ४५ सेंमी. लांबी, रुंदी व खोलीच्या खड्ड्यांत आपटा, पळस, करवंद, काटेसावर, मोह, बांबू लावावेत आणि निदान दोन वर्षे चराईबंदी पाळावी. जागा लवकर हिरवी दिसावी म्हणून गिरिपुष्प (उंदीरमारी) लावण्याची जुनी चूक पुन्हा करू नये. तिच्या दाट रोपवनाखाली देशी झाडोरा फारसा येत नाही, आणि छाटल्यावर ती घाणेरीइतकीच जोमाने फुटते. अंजनेरीच्या पठारासारख्या उघड्या, खडकाळ माथ्यांवर तर कोणतीच झाडे लावू नयेत. सेरोपेजिया अंजनेरिका ही २००६ मध्ये वर्णिलेली कंदिलपुष्पाची जात अशाच गवताळ जागेतील आहे.

मेळावे व परवानगी : मेळाव्याआधी शिवारफेरी घेऊन नकाशावर विरळ, मध्यम व दाट असे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याचा धारक नोंदवावा. राखीव वनात वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय काम करता येत नाही. वनहक्क कायदा, २००६ नुसार सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. ठराव करून कामाचा आराखडा वनविभागाला कळविल्यास पुढे वाद होत नाहीत. मालकी रानात घाणेरी काढण्यास आडकाठी नसते, मात्र सातबाऱ्यावर खाजगी वनाची नोंद आहे का हे आधी पाहावे. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली आलेली जमीन ताब्यात असली तरी ती शासनाची असू शकते. साफसफाईच्या नावाखाली साग, खैर, मोह, ऐन यांची तोड होऊ नये यासाठी कामाआधी त्यांच्या रोपांना कापडी पट्टी बांधतात. घाणेरीखाली दबलेली ही रोपे नव्या लागवडीपेक्षा मोलाची असतात, कारण त्यांची मुळे आधीच खोल गेलेली असतात.

पूर्व तालुके : येवला, नांदगाव व मालेगाव या कमी पावसाच्या भागात घाणेरीपेक्षा वेडी बाभूळ अधिक त्रासदायक आहे. काळविटांसाठी राखलेल्या ममदापूर परिसरातील माळांना तिचा विशेष धोका आहे. तिचे फुटवे देणारे डोळे जमिनीत घाणेरीपेक्षा बरेच खोलवर असतात, त्यामुळे वर दिलेल्या खोलीवर छेद घेतल्यास ती मरत नाही.