एडना आदन इस्माईल

एडना आदन इस्माईल : (८ सप्टेंबर १९३७ – ). पूर्व आफ्रिकेतील, १९९१ पर्यंत सोमालियाचा भाग असलेल्या सोमालीलँडमधील परिचारिका व सुईण, तेथील माजी परराष्ट्रमंत्री आणि स्त्री-खतन्याच्या (मुलींच्या बाह्य जननेंद्रियाचा भाग कापण्याच्या) प्रथेविरुद्ध उघडपणे बोलणाऱ्या आफ्रिकेतील पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. त्यांचा जन्म तत्कालीन ब्रिटिश सोमालीलँडमधील हार्गेसा येथे झाला. वडील आदन इस्माईल वैद्यकीय सेवेत होते आणि त्यांच्या रुग्णालयात उपकरणे धुण्यास व पट्ट्या करण्यास ही मुलगी लहानपणीच हातभार लावी. १९५४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या ब्रिटनला गेल्या व तेथे परिचर्या आणि सुईणकाम शिकून मायदेशी परतल्या.

आठ वर्षांच्या असताना, वडील परगावी गेलेले पाहून, घरातील स्त्रियांनी त्यांचा खतना करवला. परतल्यावर वडील संतापले, आणि त्या संतापामुळेच आपल्यावर झाले ते अयोग्य होते हे आपल्याला उमगले, असे एडना सांगत आल्या आहेत. सोमाली प्रदेशात रूढ असलेल्या ‘फारोनी’ प्रकारात बाह्य जननेंद्रिय छाटून जखमेच्या कडा शिवून टाकतात व लघवी आणि पाळीपुरते लहानसे छिद्र ठेवतात. व्रणाची कातडी ताणली जात नसल्याने प्रसूतीच्या वेळी सुईणीला ती कापावी लागते. कळा लांबणे, रक्तस्राव, बाळाचा मृत्यू हे पुढचे धोके. १९७६ मध्ये सोमालियात एडना यांनी हा विषय जाहीरपणे मांडला, तेव्हा तो घरातही कुजबुजत बोलण्याचा मानला जाई. चरित्रकार बहुधा त्यांच्या ‘पहिल्या’पणाची यादी देतात, पण त्यांच्या बोलण्याला वजन आले ते प्रसूतिगृहात प्रत्यक्ष पाहिलेल्या व्रणांमुळे. कुराणात या प्रथेची आज्ञा नाही हे त्या आवर्जून सांगतात, आणि ही बाब केवळ बायकांची नसून बापांनीही बोलले पाहिजे असा त्यांचा आग्रह असतो.

त्यांचे पती मोहम्मद हाजी इब्राहिम एगाल १९६७ ते १९६९ या काळात सोमालियाचे पंतप्रधान होते. लष्करी अधिकारी सियाद बारे यांच्या १९६९ मधील उठावानंतर एगाल यांना तुरुंगात टाकण्यात आले. एडना पुढे जागतिक आरोग्य संघटनेत माता-बाल आरोग्याचे काम पाहू लागल्या आणि १९९७ पर्यंत शेजारच्या जिबूती देशात या संघटनेच्या प्रतिनिधी होत्या.

निवृत्त होऊन सुखाने राहण्याऐवजी त्यांनी सोमालियातील यादवी युद्धात उद्ध्वस्त झालेल्या हार्गेसात, पूर्वी कचरा टाकला जाई अशा जागेवर, निवृत्तिवेतन व स्वतःची मोटार विकून आलेला पैसा घालून प्रसूतिगृह उभारले. मार्च २००२ मध्ये ते सुरू झाले. तेथेच सुईणींचे प्रशिक्षण चालते, कारण दूरच्या भटक्या वस्त्यांत डॉक्टर पोहोचण्याआधी सुईणच पोहोचते. गरोदर स्त्रीला तपासताना तिच्या खतन्याचा प्रकार नोंदवण्याची पद्धतही तेथे पाडली गेली. प्रथेची व्याप्ती त्यामुळे वादाचा नव्हे, मोजणीचा विषय झाली.

२००३ ते २००६ या काळात त्या सोमालीलँडच्या परराष्ट्रमंत्री होत्या. १९९१ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलेल्या या प्रदेशाला तेव्हा एकाही देशाची मान्यता नव्हती, त्यामुळे हे पद मोठे अवघडच म्हणायचे. २०२३ मध्ये त्यांना टेंपल्टन पुरस्कार मिळाला.

२०१८ मध्ये सोमालीलँडच्या धार्मिक व्यवहार मंत्रालयाने फतवा काढून कापून शिवण्याचा फारोनी प्रकार निषिद्ध ठरवला. ‘सुन्ना’ म्हणून ओळखला जाणारा, सौम्य मानलेला प्रकार मात्र त्यातून सुटला. एडना यांची भूमिका कोणताही छेद नको अशीच आहे.