चिखलाच्या बाटलीतले विनॉक्सी जीवाणू

खवट लोण्याचा वास ज्यामुळे येतो, त्या ब्युटिरिक आम्लाच्या किण्वनाचा अभ्यास लुई पाश्चर १८६१ च्या सुमारास करत होते. काचपट्टीवरच्या थेंबाच्या मध्यभागी जीवाणू चपळपणे फिरत होते. पण कडेला, जिथे थेंबाला हवा लागत होती, तिथे मात्र ते निपचित पडले होते. ऑक्सिजनशी संपर्क आला की पेशीत सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी घातक संयुगे तयार होतात. त्यांचा निचरा करणारी विकरे आपल्या पेशींत भरपूर असतात. अनेक विनॉक्सी, म्हणजे ऑक्सिजनविना जगणाऱ्या, जीवाणूंत ती नसतात किंवा अपुरी असतात.

मोठ्या प्रयोगशाळांत अशा जीवाणूंसाठी नायट्रोजन भरलेल्या बंद पेट्या असतात. शाळेत हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे बरणीत मेणबत्ती पेटवून झाकण लावणे. ज्योत विझली म्हणजे ऑक्सिजन संपला, असे आपण धरून चालतो, आणि तिथेच फसगत होते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो आणि मेणबत्ती तो साधारण १६ टक्क्यांवर आला की विझते. उरलेला ऑक्सिजन काटेकोर विनॉक्सी जीवाणूंना मारायला पुरेसा असतो.

त्यापेक्षा ऑक्सिजन दूर ठेवण्याचे हे काम चिखलावर सोपवावे. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो; वरच्या थरातले जीवाणू तो वापरून टाकतात आणि काही मिलिमीटरखालीच ऑक्सिजनविरहित जग सुरू होते. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच तत्त्वावर बेतलेला चिखलाचा स्तंभ आजही त्याच्या नावाने ओळखला जातो.

त्यासाठी लिटरभराची पारदर्शक बाटली, तळ्याकाठचा गाळ, वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, अंड्याच्या कवचाची पूड आणि खडू एवढेच लागते. कागदातून सेल्युलोज मिळते, कवचातून कार्बोनेट आणि खडूतून सल्फेट. मात्र खडू जिप्समचा हवा. तुकड्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून तो फसफसला, तर तो कार्बोनेटचा आहे असे समजून बाजूला ठेवावा. बाटलीची मान कापून तळाच्या चौथ्या भागात हे सारे कालवलेला चिखल भरावा, वर साधा चिखल घालावा आणि काडीने ढोसून आतले हवेचे बुडबुडे काढावेत. मग दोन-तीन सेंटिमीटर पाणी ओतून तोंडावर प्लास्टिकचा कागद सैलसर बांधावा, कारण आत वायू तयार होतात. बाटली खिडकीपाशी, पण थेट उन्हापासून दूर ठेवावी. दुसरी तशीच बाटली काळ्या कागदात गुंडाळून शेजारी ठेवली, तर प्रकाशाचे काम वेगळे कळते.

पहिले काही आठवडे नुसता काळेपणा वाढतो आणि मुले कंटाळतात. हीच वेळ टिकवून धरण्याची. क्लॉस्ट्रिडियमसारखे जीवाणू सेल्युलोज फोडतात. त्यातून निघालेल्या आम्लांवर जगणारे डीसल्फोव्हिब्रिओ श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. चिखलातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की काळे आयर्न सल्फाइड तयार होते. साधारण सहा ते आठ आठवड्यांत उजेडाच्या बाजूला हिरवे आणि त्यांच्या वर जांभळट डाग उमटू लागतात. हे प्रकाशसंश्लेषण करणारे गंधक-जीवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, त्यामुळे ऑक्सिजन सोडत नाहीत. हिरवे जीवाणू सल्फाइड अधिक सोसतात, म्हणून ते खाली असतात. गुंडाळलेल्या बाटलीत हे रंग दिसत नाहीत.

या चिखलातला थेंब आगरवर, म्हणजे जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर, घेऊन वसाहती वाढवण्याचा मोह मात्र शाळेत टाळावा. मातीत धनुर्वाताच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात आणि तोही विनॉक्सीच आहे. हातावर जखम असेल तर चिखल कालवू नये, आणि हातमोजे सर्वांनीच घालावेत. शेवटी बाटली शिक्षकांनी मोकळ्या जागी रिकामी करावी. सडक्या अंड्यांचा वास येईलच. पण पसरलेला काळा चिखल थोड्या वेळाने पुन्हा पाहावा. आयर्न सल्फाइडला हवा लागून तो वरून तपकिरी पडू लागलेला असतो.