मॉरिशस आणि मॉरिटानिया: नावांची दूरची सोयरीक

देशांच्या यादीत मॉरिटानिया आणि मॉरिशस शेजारी शेजारी असतात. ऑनलाइन फॉर्म भरताना घाईत भलत्याच नावावर बोट पडतं. संकेतस्थळाच्या पत्त्यातही एकाच्या शेवटी डॉट एमआर, तर दुसऱ्याच्या शेवटी डॉट एमयू. नकाशावर मात्र दोघांच्या मध्ये अख्खी आफ्रिका आहे. मॉरिटानिया खंडाच्या पश्चिमेला, अटलांटिकच्या काठी, जवळजवळ सगळा सहारा वाळवंटात. मॉरिशस हिंदी महासागरात, मादागास्करच्याही पूर्वेला. मॉरिटानियाचं क्षेत्रफळ १० लाख ३० हजार चौरस किलोमीटर आणि मॉरिशसचं जेमतेम २ हजार.

मॉरिशसच्या नावाचा इतिहास सरळ आहे. सप्टेंबर १५९८ मध्ये डच जहाजं या निर्मनुष्य बेटावर लागली आणि त्यांनी त्याला मॉरिट्स व्हान नासाऊचं नाव दिलं. हा हॉलंडचा स्टाडहाउडर, म्हणजे प्रांताचा मुख्य कारभारी आणि सेनापती. लॅटिनमध्ये मॉरिट्सचं होतं 'मॉरिशस'. त्याआधी हे बेट अरब खलाशांना ठाऊक होतं. १५०२ च्या एका पोर्तुगीज नकाशावर त्याचं अरबी वळणाचं नाव 'दिना अरोबी' असं सापडतं. १७१० मध्ये डच निघून गेले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी त्याचं 'इल द फ्रान्स' केलं आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकून डच नाव परत आणलं. पुढे इंग्रजांनीच ऊसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर नेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांच्या वंशजांची मुलं आज तिथल्या शाळांत मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. त्यामुळे मॉरिशस हे नाव आपल्याला घरचं वाटतं. 'मॉरि' एवढंच ऐकलं तरी डोळ्यांपुढे मॉरिशसच उभं राहतं, आणि त्यात बिचारा मॉरिटानिया झाकला जातो.

खरं तर दोन्हींतलं जुनं नाव त्याचं, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचं. उत्तर आफ्रिकेत 'मौरी' नावाचे लोक राहत. ग्रीक त्यांना 'मौरूसिओई' म्हणत, तर रोमन आणि ते लोक स्वतः 'मौरी', असं भूगोलकार स्ट्राबोने लिहून ठेवलं आहे. त्यांचं राज्य ते मौरेटानिया. इसवी सन ४० मध्ये त्यांचा राजा टॉलेमी रोमनांच्या हातून मारला गेला आणि सम्राट क्लॉडियसच्या काळात त्या राज्याचे दोन रोमन प्रांत झाले. पण हे सगळं आजच्या मोरोक्कोच्या उत्तर भागात आणि अल्जीरियात! आजचा मॉरिटानिया त्या राज्यात कधीच नव्हता. १८९९ च्या सुमारास झाव्हिए कोप्पोलानी या फ्रेंच अधिकाऱ्याने हे रोमन नाव दूर दक्षिणेच्या वाळवंटी मुलखासाठी सुचवलं. तिथल्या अरबी बोलणाऱ्या लोकांना फ्रेंच 'मोर' म्हणत, एवढाच काय तो दुवा. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हाही हेच नाव राहिलं. अरब जगात या भूमीला त्याआधीपासून 'बिलाद शिंकीत' म्हणत, शिंगेत्ती या जुन्या विद्यानगरीवरून. माझ्या मते तेच नाव या मातीला जास्त शोभतं. (नावाचं असं स्थलांतर मॉरिटानियातून बाहेरही झालं आहे: प्राचीन घाना साम्राज्याची राजधानी मानलं जाणारं कुंबी सालेह आजच्या मॉरिटानियात आहे, आणि घाना हा देश मात्र शेकडो मैल दूर.)

आता पुन्हा त्या डच मॉरिट्सकडे. लॅटिन 'मॉरिशस' हे माणसाचं नाव 'मौरुस'वरून आलं आणि मौरुस म्हणजे मौरी लोकांपैकी एक. म्हणजे सरदाराचं नाव बेटाला देताना डच खलाशांनी नकळत आफ्रिकेचाच एक जुना शब्द खंडाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. युरोपात हे नाव रुजलं ते संत मॉरिशसमुळे. परंपरेनुसार हा संत इजिप्तमधून आलेल्या रोमन पलटणीचा नायक. जर्मनीत माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकातला त्याचा दगडी पुतळा आहे: अंगात साखळ्यांचं चिलखत आणि चेहरा स्पष्टपणे काळ्या आफ्रिकी माणसाचा. तिथून जवळच्याच सॅक्सनीचा निर्वाचक, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राज्यकर्ता, मॉरिट्झ हा आपल्या डच मॉरिट्सचा आईकडचा आजोबा. नातवाला नाव त्याचंच मिळालं होतं.