फराळाच्या डब्यातले पाणी

नीट भाजलेल्या बेसनाचा लाडू पंधरा-वीस दिवस सहज टिकतो; त्याच दिवशी, त्याच स्वयंपाकघरात केलेला ओल्या नारळाचा लाडू मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबूस वास देऊ लागतो. गोडवा दोन्हींत आहे आणि स्निग्धांशही दोन्हींत भरपूर आहे. फरक आहे तो पाण्याचा. ओल्या खोबऱ्याच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते, तर बेसनाच्या लाडवात पीठ, तूप आणि पिठीसाखर एवढेच घटक असतात व पिठात जे काही थोडे पाणी होते तेही मंद आचेवर भाजताना उडून गेलेले असते. घरच्या पदार्थांत टिकाऊपणासाठी रसायने घातलेली नसतात, ही समाधानाची गोष्ट खरीच. पण त्या रसायनांचे काम घरी दुसऱ्या कशाने तरी व्हावे लागते, आणि ते होते पाण्यावर ठेवलेल्या ताब्याने.

यात एक बारकावा आहे. मुरांब्यात साधारण एक तृतीयांश पाणी असूनही तो वर्षभर टिकतो, कारण पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातले किती मोकळे आहे हे महत्त्वाचे असते. साखरेचे आणि मिठाचे कण पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात, आणि असे धरून ठेवलेले पाणी जंतूंना वापरता येत नाही. या मोकळेपणाच्या मापाला जलक्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता १ मानली जाते. अन्न बिघडवणारे बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढू शकत नाहीत, बहुतेक बुरशी ०.८ च्या खाली थांबतात आणि ०.६ च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. ऑस्ट्रेलियातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५० च्या दशकात ही कल्पना अन्नशास्त्रात रुजवली. आपल्याकडच्या सुगरणींनी मात्र कोणता पदार्थ प्रवासाला द्यायचा आणि कोणता आजच संपवायचा, याचे नियम त्याच्या कितीतरी आधी अनुभवाने पक्के केले होते.

घरचे गोड पौष्टिक करायचे म्हटले की पहिला विचार येतो तो साखर कमी करण्याचा, आणि तो योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर, गूळ, मध यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत असावी. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. वजनाने एक तृतीयांश साखर असलेल्या ४० ग्रॅमच्या लाडवात तेरा ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे दोन लाडवांतच ही मर्यादा गाठली जाते. साखरेऐवजी गूळ घातल्याने हे गणित बदलत नाही, कारण दोहोंची ऊर्जा जवळपास सारखी आहे. गुळात थोडे लोह आणि इतर खनिजे असतात, पण लाडवात येणाऱ्या दहा-बारा ग्रॅम गुळातून ती फारच थोडी मिळतात. गूळ चवीसाठी आणि रंगासाठी जरूर वापरावा. पथ्याचा पदार्थ म्हणून त्याच्याकडे पाहू नये.

साखर कमी करताना पाण्याचे काय होते, याचा विचार मात्र पाककृतींमध्ये क्वचितच केलेला दिसतो. बेसनाच्या, मुगाच्या किंवा नाचणीच्या लाडवात मुळात पाणी नसल्यामुळे साखर निम्मी केली तरी टिकाऊपणात फरक पडत नाही. नारळाची वडी, पाकातले रव्याचे लाडू, अळिवाचे लाडू यांत मात्र साखर किंवा गूळ हाच मोकळे पाणी बांधून ठेवणारा घटक आहे. तो कमी केला की तेच पाणी जंतूंच्या वाट्याला जाते. म्हणून असे लाडू कमी गोड करायचे असतील तर ते थोडे करावेत, फ्रिजमध्ये ठेवावेत आणि दोन-तीन दिवसांत संपवावेत. साखरेऐवजी मऊ खजूर वाटून घातला तर त्याच्याबरोबर पाणीही येते, हेही ध्यानात ठेवावे. खारकेची पूड त्या मानाने बरीच कोरडी असते, आणि जुन्या पद्धतीच्या डिंकाच्या लाडवांत खारीक व सुके खोबरे असते ते मला या दृष्टीने फार विचारपूर्वक योजलेले वाटते.

त्याच लाडवातला डिंक तुपात टाकताच फुलतो, त्यामागेही पाणीच आहे. डिंकाच्या खड्यात अडकलेल्या थोड्याशा पाण्याची वाफ होते, ती मऊ झालेल्या डिंकाला आतून फुगवते आणि खडा पोकळ, कुरकुरीत होतो. खडे मोठे असतील किंवा तूप फार तापलेले असेल, तर आतपर्यंत उष्णता पोचण्याआधीच बाहेरचा भाग लाल होतो आणि मधला कच्चा डिंक दाताला चिकटतो.

पाकाच्या तारा म्हणजे पाणी मोजण्याचीच पद्धत आहे. साखरेचे पाणी उकळत राहते तसे त्यातले पाणी उडत जाते आणि उत्कलनबिंदू चढत जातो. एकतारी पाक साधारण १०५ ते ११० अंश सेल्सियसच्या दरम्यान असतो, गोळीबंद पाक ११५ च्या आसपास, आणि साखरेचा पाक १५० अंशांजवळ पोचतो तेव्हा त्यात पाणी एखादा टक्काच उरलेले असते. चिक्कीसाठी गार पाण्यात टाकलेला पाकाचा थेंब वाटीवर आपटून टण् वाजतो का ते पाहतात, ती चाचणी याच कोरडेपणाची असते. असा पाक झटपट गार झाला की साखरेचे स्फटिक बनत नाहीत, काचेसारखी टणक अवस्था तयार होते. गुळात सुक्रोजच्या (म्हणजे नेहमीच्या साखरेच्या) जोडीला ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असल्यामुळे स्फटिक होण्यास आणखी अडथळा येतो, हे चिक्कीच्या फायद्याचे आहे. परंतु फ्रुक्टोज हवेतली ओल भराभर ओढून घेते, आणि म्हणून पावसाळ्यात उघडी राहिलेली गुळाची चिक्की काही तासांत चिकट होते.

तळणीचे पदार्थ याच नियमाने चालतात. १७० ते १८० अंश तापलेल्या तेलात चकली सोडली की पिठातल्या पाण्याची वाफ होते, तिचे आकारमान पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक असते, आणि ती बाहेर पडताना पिठात असंख्य सूक्ष्म वाटा पाडते. त्या वाटांमुळेच चकलीला खुसखुशीतपणा येतो. तेलातले बुडबुडे कमी होणे ही आतले पाणी संपत आल्याची खूण आहे, रंगापेक्षा कितीतरी भरवशाची. आच मोठी असेल तर चकली बाहेरून झटकन लाल होते पण मधोमध ओल राहते. ती ओल डब्यात हळूहळू बाहेरच्या कोरड्या थराकडे सरकते आणि काल कुरकुरीत वाटलेली चकली आज वातड लागते. अनेक घरांत याचा दोष भाजणीला दिला जातो, पण पुष्कळदा चूक आचेची असते. मोहनाचे काम वेगळे आहे: गरम तेल किंवा लोणी पिठाच्या कणांवर पातळ थर चढवते व कणांची पकड सैल करते. मोहन जास्त झाले की ही पकड इतकी सुटते की चकली तेलात तुटते. अनारसा हसतो तोही जवळपास याच कारणाने, कारण गूळ जास्त पडला की तो गरम तुपात पातळ होतो आणि तांदळाच्या पिठाला धरून राहता येत नाही.

तळताना पदार्थ तेल पितो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात बरेचसे तेल तो कढईबाहेर आल्यावर आत ओढले जाते. आतून वाफ जोराने बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरता येत नाही, आणि पदार्थ गार होताना उरलेली वाफ आकसली की पृष्ठभागावरचे तेल त्या पोकळ्यांत खेचले जाते. म्हणून झारा कढईवरच निथळू द्यावा आणि चकल्या चाळणीत उभ्या ठेवाव्यात; गरम असतानाचे ते एक-दोन मिनिटे फार मोलाचे आहेत. पुढे पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नये, कारण झाकणाला जमलेले बाष्प पुन्हा पदार्थावरच ठिबकते. लाडू आणि चिवडा एका डब्यात ठेवू नयेत, कारण पाणी नेहमी जास्त मोकळ्या ओलीकडून कमी ओलीकडे जाते. कोकणातील दमट हवेत डब्याचे झाकण घट्ट नसेल तर चिवडा एका रात्रीत मऊ पडतो, तोच विदर्भातील कोरड्या थंडीत बराच तग धरतो.

कोरडेपणा जंतूंपासून वाचवतो, पण खवटपणापासून वाचवत नाही. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि तळणीचे तेल यांतील स्निग्धांशाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो, आणि उजेड, उष्णता व तांब्या-लोखंडाचा अंश यांनी ही क्रिया वेगवान होते. तिळात जवळजवळ निम्मे तेल असूनही ते तेल तुलनेने उशिरा खवट होते, कारण तिळाचे स्वतःचे ऑक्सिडीकरणरोधक घटक त्यात असतात. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेलाच्या विघटनातून तयार होणारे पदार्थ, साठत जातात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची कमाल मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. घरी ती मोजता येत नाही, पण तेल काळसर व दाट झाले, धूर लवकर येऊ लागला किंवा वर फेस टिकून राहू लागला की ते वापरू नये.

अळिवाचे लाडू लोहासाठी केले जातात. वनस्पतींतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते, आणि चहातील टॅनिन ते आणखी घटवते. तेव्हा बाळंतिणीला किंवा वाढत्या मुलीला हा लाडू चहाबरोबर न देता तासभर आधी द्यावा, आणि जोडीला आवळा किंवा पेरू द्यावा, कारण क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते.

शेंगदाण्यांच्या बाबतीत पाण्याचा हिशेब स्वयंपाकघराच्याही आधी, साठवणीत सुरू होतो. ओलसर राहिलेल्या दाण्यांवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, त्याचा शोध घेताना हे विष शेंगदाण्याच्या पेंडीत सापडले. दाणे भाजल्याने बुरशी मरते, पण विष बरेचसे तसेच राहते. म्हणून सुरकुतलेले, काळे पडलेले, हिरवट डाग असलेले आणि कडू लागणारे दाणे भाजण्यापूर्वीच निवडून टाकावेत. एकदा कूट झाले की त्यातले वाईट दाणे वेगळे काढता येत नाहीत.