आधी अक्षर की आधी मोबाइल?

प्रौढ साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसा, एक वाक्य हमखास कानावर पडतं, "आता या वयात काय डोक्यात शिरणार?" आणि हे म्हणणारी मावशी पाच माणसांच्या किराण्याचा हिशोब तोंडी करणारी असते, त्यामुळे मला ते कधीच पटलं नाही, आणि आता तर याला चांगला पुरावाही आहे.

२०१७ मध्ये सायन्स अ‍ॅडव्हान्सेस या जर्नलमध्ये एक अभ्यास आला. लखनौजवळच्या खेड्यांतल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, साधारण तिशीतल्या बायकांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूचं एमआरआय केलं. बदल झाला तर मेंदूच्या वरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये होईल असा समज होता, पण इथे थेट थॅलॅमस आणि ब्रेनस्टेमपर्यंत, म्हणजे अगदी खोलवरच्या जुन्या भागांपर्यंत फरक दिसला, ते भाग डोळ्यांकडून येणारी माहिती हाताळणाऱ्या कॉर्टेक्सशी जास्त ताळमेळाने काम करायला लागले होते. फक्त सहा महिन्यांत! तेही आपल्याच लिपीत, म्हणून मला हा अभ्यास फार जवळचा वाटतो.

आपली लिपी तशी सोपी नाहीये. 'कि' मध्ये वेलांटी आधी दिसते पण उच्चार नंतर, 'सूर्य' मधला र बोलताना य च्या आधी येतो पण लिहिताना त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. लहानपणी शिकलेल्यांना हे जाणवतच नाही, नवीन शिकणाऱ्याला मात्र प्रत्येक अक्षरापाशी थांबावं लागतं, आणि खरी अडचण इथेच आहे, कारण डोक्यात एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात, मग वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटून जाते. अक्षरं येतात पण अर्थ लागत नाही, ते यामुळे. यावर उपाय एकच, रोज थोडं थोडं वाचून वेग वाढवणं.

मग लोक म्हणतात, वाचायचं कशाला, मोबाइलवर चित्रं आहेत, बोलून टाइप होतं. बोलून टाइप करणं खरंच मोठी सोय आहे. पण बंगळुरूला संशोधक इंद्राणी मेधी यांनी कमी शिकलेल्या लोकांसाठी विनाअक्षरांच्या स्क्रीन बनवून बघितल्या, त्यात चित्रं आणि आवाजाचा उपयोग झाला, पण मेनूच्या आत मेनू आला की माणसं अडकायची. म्हणजे अक्षरं काढून टाकली तरी अडचण पूर्ण जात नाही, 'हे त्याच्या आत असेल' हा अंदाज बांधणंही शिकावंच लागतं. मी तर म्हणेन फडताळाचं उदाहरण द्या, फडताळात डबा, डब्यात वाटी, आणि सुरुवातीला एका कामाचा एकच रस्ता शिकवा, तीन शॉर्टकट नकोत.

त्यात बँकेचा मेसेज बऱ्याचदा इंग्रजीत, म्हणजे कष्टाने मराठी शिकलेली बाई तिथे पुन्हा निरक्षर! तो कुणाकडून तरी वाचून घ्यायचा आणि फसायची शक्यता तिथेच. म्हणून यूपीआय शिकवताना पहिल्याच दिवशी सांगा, पिन पैसे द्यायला किंवा खात्यातली शिल्लक बघायला लागतो, पैसे घ्यायला कधीच नाही. आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

केंद्राच्या प्रौढ साक्षरतेच्या उल्लास योजनेत (२०२२ ते २०२७, वय १५ च्या पुढे) वाचन, अंकगणितासोबत डिजिटल साक्षरता पण धरलीय, हे बरोबर वाटतं. माझं मत, वाचनाचे आणि मोबाइलचे वेगळे तास घेऊच नका. फोनची भाषा मराठी करा आणि स्क्रीनवर रोज दिसणारे शब्दच वाचायला घ्या. 'मागे' पासून सुरुवात करा, दोनच अक्षरं आहेत, जोडाक्षर नाही, आणि चुकून कुठे भलतीकडे गेलं तरी परत येता येतं हे कळलं की बोट दाबायची भीती निम्मी जाते.