सांगितलेला भाव आणि पटलेला भाव

बुधवारच्या बाजारात नाशिकच्या गोदाघाटावर मेथीची जुडी उचला. बाई तीस म्हणते, आपण वीस म्हणतो आणि पंचवीसला जुडी पिशवीत पडते. महागाई मोजायच्या दोन नव्या वाटांमध्ये फरक आहे तो या तीस आणि पंचवीसमधलाच. वेब स्क्रेपिंग तीस टिपतं, स्कॅनर डेटा पंचवीस. दोन्ही संगणकातून येतात म्हणून लोक त्यांना सर्रास एकच समजतात.

स्क्रेपिंगमध्ये एक प्रोग्रॅम रोज खरेदीच्या साइट उघडतो आणि किमती उतरवून घेतो. फुकटात, झटपट. पण वस्तू किती खपली हे त्याला कळत नाही. महिनाभर कुणी हात न लावलेला डबाही त्याच्या हिशेबात तेवढ्याच मानाने बसतो. शिवाय पिनकोड नाशिकचा, 422 वाला टाकला की भाव एक, मुंबईचा टाकला की दुसरा.

स्कॅनर डेटा निघतो कॉलेज रोडच्या एखाद्या सुपरमार्केटच्या काउंटरवर, बारकोडचा 'टिक' आवाज होतो तेव्हा. कोणती वस्तू, किती नग, किती पैसे, सगळं त्यात येतं. मात्र तो दुकानदाराच्या मालकीचा. त्याने दिला तरच मिळणार.

समजा, कपडे धुण्याच्या पावडरचा पुडा 200 रुपयांना. महिन्यात एक आठवडा ऑफर, 150 ला. स्क्रेपिंगची चार आठवड्यांची सरासरी येते 187.50. आता बिलं काढा: तीन आठवड्यांत मिळून 20 पुडे गेले, ऑफरच्या एका आठवड्यात 80. एकूण 16,000 रुपये भागिले 100 पुडे, म्हणजे 160. आमच्या घरात कोणता आकडा खरा, हे माळ्यावर रचलेले पुडे बघून सांगता येईल.

म्हणजे स्कॅनर डेटाच सरस? इतकं सोपं नाही. ऑफर संपल्यावर पुडा परत 200 ला जातो, पण घरात साठा असल्यामुळे पुढचे आठवडे कुणी घेत नाही. दर आठवड्याचा भाव मागच्या आठवड्याशी ताडून, खपाचं वजन लावून साखळी जोडत गेलं, तर उतरलेला भाव भरपूर वजनाने मोजला जातो आणि चढलेला नाममात्र. किंमत मूळ जागी परतली तरी निर्देशांक, म्हणजे महागाई दाखवणारा आकडा, खालीच राहतो. यावर उतारा म्हणून ऑस्ट्रेलियाने 2017 अखेरपासून अनेक कालखंडांची एकमेकांशी तुलना करणारी पद्धत घेतली. पुड्याचं वेष्टन आणि बारकोड बदलला की जुनी वस्तू 'मेली' आणि नवी 'जन्मली' असं यंत्राला वाटतं, ती डोकेदुखी वेगळीच.

नेदरलँड्स 2002 पासून सुपरमार्केटचा स्कॅनर डेटा वापरतं. स्क्रेपिंगचं नाव झालं ते अर्जेंटिनामुळे. तिथे सरकारी महागाई 8 टक्क्यांच्या आसपास सांगितली जात होती, तेव्हा अर्थतज्ज्ञ अल्बेर्तो काव्हालो यांनी जमवलेल्या ऑनलाइन किमती 20 टक्क्यांच्या वर दाखवत होत्या. खप माहीत नसतानाही एवढं पकडता आलं, कारण सरकारच्या मर्जीवर न चालणारा आकडा हाताशी होता.

आपल्याकडे 2024 आधारवर्षाच्या नव्या ग्राहक किंमत निर्देशांकात ऑनलाइन दुकानांच्या किमती घ्यायच्या ठरल्या, त्या 25 लाखांहून जास्त वस्तीच्या 12 शहरांतून. 2011 च्या जनगणनेत नाशिक 15 लाखांच्याही आत, त्यामुळे यादीत पुणे-मुंबई आहेत, आपण नाही. मला त्याचं फार दुःख नाही. घाटावर ना बारकोड, ना वेबसाइट. संध्याकाळी सहानंतर तीच बाई "घ्या, दोन जुड्या तीसला" म्हणते, आणि जुडी सकाळच्यापेक्षा बारीक आहे का हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही.