यझिदी सैतानाचे पूजक नाहीत

उत्तर इराकमधील यझिदी लोक सैतानाची पूजा करतात, हा समज शतकानुशतके चालत आला असून तो साफ चुकीचा आहे. त्यांच्या श्रद्धेनुसार एकमेव ईश्वराने जग निर्माण करून त्याचा सांभाळ सात देवदूतांवर सोपवला आणि त्यांचा प्रमुख म्हणजे मोराच्या रूपातील मलक ताऊस. आदमपुढे न झुकलेल्या देवदूताच्या कथेमुळे शेजाऱ्यांनी मलक ताऊसला इब्लीस, म्हणजे इस्लाममधील सैतान, ठरवले. यझिदींच्या लेखी मात्र तो पतित नाही, ईश्वरनिष्ठच आहे. ‘सैतान’ हा शब्द तर ते उच्चारतही नाहीत.

उत्तर इराकमधील लालिश या त्यांच्या सर्वांत पवित्र स्थानी, शेख अदी या संतांच्या समाधिस्थळी, भाविक अनवाणी येतात, उंबरठ्यावर पाय न ठेवता तो ओलांडतात, आणि आतल्या खांबांना बांधलेल्या रंगीत रेशमी वस्त्रांच्या गाठी सोडून नव्या मारतात, कारण आधीच्या भाविकाची इच्छा गाठ सुटताच पुरी होते असे ते मानतात.

मोर पाहून त्यांना कार्तिकेयाचे भक्त म्हणणेही निराधारच. पण सैतानाचा आरोप जिवावर उठणारा आहे: ऑगस्ट 2014 मध्ये सिंजार या यझिदींच्या भागावर हल्ला करून ‘इस्लामिक स्टेट’ने हजारो यझिदींना मारले, स्त्रियांना गुलाम केले, तेव्हा समर्थनासाठी हाच आरोप पुढे केला होता.